गांजाचे टिंक्चर

गांजाचे टिंक्चर : गांजाच्या झाडाच्या राळेचे अल्कोहॉलमध्ये केलेले औषधी द्रावण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे नव्वद वर्षे ते ब्रिटन, अमेरिका व हिंदुस्थान येथील औषधिकोशांत मान्य औषध होते. झटके, वेदना, निद्रानाश व अर्धशिशी ह्यांवर ते थेंबांच्या मात्रेत देत. ज्या वनस्पतीपासून ते करीत ती कॅनॅबिस सॅटायव्हा होय. तिची वाळलेली पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे राळयुक्त शेंडे म्हणजे गांजा आणि त्यांवरून खरवडून किंवा चोळून काढलेली राळ म्हणजे चरस. औषधी गुण व मादकता ही दोन्ही मुख्यतः ह्या राळेत असतात. राळ पाण्यात विरघळत नाही; अल्कोहॉल, तूप व तेल ह्यांत विरघळते. टिंक्चरचा उदय आणि अस्त ह्या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी राळेचा हा एक साधा गुणधर्म आहे.

पूर्वपीठिका : भारतीय वैद्यकास ही वनस्पती विजया, भंगा इ. नावांनी परिचित होती. तेराव्या-चौदाव्या शतकांतील शार्ङ्गधरसंहितेत भंगा व अफू ही ‘व्यवायी’ द्रव्यांची उदाहरणे म्हणून दिली आहेत. जे द्रव्य पचण्यापूर्वीच सर्व शरीरात पसरते आणि मग पचते, ते व्यवायी, अशी तेथील व्याख्या आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशातही भंगेचे गुण सांगितले आहेत. वैद्य व हकीम ती चूर्ण, गोळी, पाक किंवा माजूम ह्या रूपांत देत. माजूम करताना भांग प्रथम तुपात शिजवून मग ते तूप साखरेच्या पाकात घालतात. राळ स्निग्ध पदार्थांत उतरते, हे व्यावहारिक ज्ञान ह्या कृतीत स्पष्ट दिसते.

यूरोपीय वाचकांना ह्या द्रव्याची सविस्तर माहिती देणारा आरंभीचा एक ग्रंथ गोव्यात छापला गेला. गार्सीया द ऑर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ मधील संवादात्मक ग्रंथात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह ह्यास रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान किंवा अरबस्तान येथे जावेसे वाटले, की तो थोडी भांग खाई, असे त्यानेच एका पोर्तुगीज सेनानीस सांगितल्याची हकीकत ऑर्ताने नोंदविली आहे. ऑर्ताला ह्या पदार्थाच्या औषधी उपयोगापेक्षा त्याच्या मौजेचे कुतूहल अधिक होते, आणि पुढील पावणेतीनशे वर्षे यूरोपीय लेखकांचा दृष्टिकोण बहुधा तसाच राहिला.

कलकत्त्यातील प्रयोग : हे चित्र बदलले ते विल्यम ब्रुक ओशॉनेसी (१८०९–८९) ह्यांच्यामुळे. आयर्लंडमधील लिमरिक येथे जन्मलेल्या ह्या वैद्याने एडिंबरो येथे शिक्षण घेतले. १८३१-३२ मध्ये इंग्लंडात पटकीची साथ आली असता रुग्णांच्या रक्तातील पाणी व लवणे कमी होतात हे त्याने दाखवून दिले. शिरेतून लवणद्राव देण्याच्या उपचाराचा पाया ह्याच निरीक्षणाने घातला गेला. १८३३ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आला आणि पुढे नव्याने स्थापन झालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. अज्ञात पदार्थाचे पृथक्करण करावे, प्राण्यांवर प्रयोग करावेत आणि मग रुग्णांकडे वळावे, ही शिस्त त्याच्या अंगी होती.

गांजावरील त्याचा निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. निबंधाचा पहिला भाग देशी माहितीचा आहे, आणि तो कोणाकडून मिळाली हे ओशॉनेसीने प्रांजळपणे सांगितले आहे. संस्कृत ग्रंथांतील उल्लेख पंडित मधुसूदन गुप्त व कमलकांत विद्यालंकार ह्यांच्याकडून आणि यूनानी परंपरेची माहिती हुगळीच्या इमामबाड्याचे सय्यद केरामत अली ह्यांच्याकडून त्याला मिळाली. मधुसूदन गुप्त हे १८३६ मध्ये ह्याच कॉलेजात शवविच्छेदन करून रूढी मोडणारे वैद्य. पुढील पाश्चात्त्य औषधिग्रंथांनी निबंधातील कृती व मात्रा उचलल्या. ही नावे मात्र बहुतेकांनी गाळली. ‘ओशॉनेसीचा शोध’ असा जो उल्लेख वारंवार केला जातो, तो ह्यामुळे अपुरा ठरतो. त्याचे खरे कार्य शोधाचे नसून रूपांतराचे आहे. घरगुती व बाजारी स्वरूपातील एका द्रव्यास त्याने मोजून देता येईल असे रूप देण्याचा प्रयत्न केला.

त्याची कृती पुढीलप्रमाणे होती. वाळलेल्या गांजाचे चिकट शेंडे अल्कोहॉलमध्ये सर्व राळ उतरेपर्यंत उकळावयाचे. मग ऊर्ध्वपातनाने किंवा उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून अल्कोहॉल उडवून द्यावयाचे. मागे उरलेला मऊ राळयुक्त अर्क ३ ग्रेन घेऊन १ ड्रॅम अल्कोहॉलमध्ये विरघळवावयाचा. हेच टिंक्चर. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिग्रॅ. आणि १ ड्रॅम म्हणजे ६० मिनिम. १ मिनिम म्हणजे ढोबळ मानाने एक थेंब. म्हणजे वीस थेंबांत सुमारे १ ग्रेन अर्क येई.

प्राण्यांवरील प्रयोगांत त्याला एक विचित्र भेद आढळला. कुत्री, मांजरे, गिधाडे, कावळे आणि मासे ह्यांना लवकर नशा चढे. घोडा, हरिण, शेळी, मेंढी, गाय ह्या शाकाहारी प्राण्यांवर मात्र फारसा परिणाम दिसत नसे. रुग्णांतही असेच वैचित्र्य दिसले. संधिवाताच्या एका रुग्णास १ ग्रेन राळ दिल्यावर त्याचे हातपाय ज्या स्थितीत ठेवावेत त्याच स्थितीत राहू लागले. दुसरा एक वृद्ध हमाल अर्ध्या ग्रेनने बोलका झाला, गोष्टी सांगू लागला, गाणी म्हणू लागला आणि दोघांचे जेवण एकटा जेवला.

ह्या निबंधातील सर्वांत परिणामकारक भाग धनुर्वाताचा आहे. धनुर्वाताच्या रुग्णांस त्याने टिंक्चरच्या मोठ्या मात्रा, झटके थांबेपर्यंत दर अर्ध्या तासाने एक ड्रॅम, ह्या प्रमाणात दिल्या आणि त्यांतील अनेक रुग्ण बरे झाले. धनुर्वाताच्या विषावर गांजाचा काहीही परिणाम होत नाही, हे आता माहीत आहे. त्या विषावरील प्रतिविष बेरिंग व किटासाटो ह्यांनी १८९० मध्ये शोधून काढले. तथापि ज्या काळी स्नायूंचे आकुंचन थांबविणारे दुसरे काहीच हाताशी नव्हते, त्या काळी झटके सैल पडून रुग्णास अन्न घेता येणे हेही जगण्याची संधी देणारे होते. जलसंत्रासाच्या एका रुग्णाच्या बाबतीत त्याने कोणताच दावा केला नाही. तो रुग्ण दगावला, परंतु राळेच्या गोळ्यांनंतर त्याची तडफड कमी झाली व त्यास थोडे अन्न गिळता आले. असाध्य रोगात यातना हलक्या करणे हेही वैद्याचे काम आहे, असे मत ओशॉनेसीने ह्या प्रसंगी मांडले.

आणखी एक रुग्ण म्हणजे कलकत्त्यातील एका इंग्रज कुटुंबातील जेमतेम दीड महिन्याची मुलगी. तिला एकामागून एक आचके येत होते आणि नेहमीचे उपाय थकले होते. टिंक्चरच्या थेंबांनी तिला झोप लागली व आचके थांबले. ते पुन्हा सुरू झाल्यावर मात्रा वाढवावी लागली. ती १३० थेंबांपर्यंत गेली आणि अखेर मूल बरे झाले. कॉलेजातील विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने घेतलेल्या ह्याहून पुष्कळ लहान मात्रांनीही त्यांना स्पष्ट नशा आली होती. तान्ह्या मुलास १३० थेंब सोसावेत आणि जाणत्या तरुणास त्याच्या अंशानेही गुंगी यावी, हे कोडे ओशॉनेसीने नोंदविले. ते उलगडण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते.

मात्रेचा प्रश्न : १८४१ च्या सुमारास ओशॉनेसी रजेवर इंग्लंडला गेला, तेव्हा त्याने बरोबर गांजाचा साठा नेला. लंडनमधील औषधविक्रेता पीटर स्क्वायर ह्याने त्यापासून अर्क तयार केला व तो ‘स्क्वायरचा अर्क’ म्हणून नावाजला. १८४४ च्या बंगाल औषधिकोशात, त्यानंतर १८५१ च्या अमेरिकी औषधिकोशात आणि १८६४ च्या पहिल्या ब्रिटिश औषधिकोशात गांजाच्या अर्काला स्थान मिळाले. ओशॉनेसी स्वतः हिंदुस्थानात परतल्यावर तारायंत्राकडे वळला आणि १८५० नंतर येथील तारमार्गांची उभारणी त्याच्या देखरेखीखाली झाली. १८५६ मध्ये मिळालेला ‘सर’ हा किताब ह्याच कामाबद्दलचा होता.

ब्रिटिश औषधिकोशातील टिंक्चर वीसास एक ह्या प्रमाणाचे, म्हणजे ओशॉनेसीच्या टिंक्चरच्या जवळपास त्याच तीव्रतेचे होते. त्याची मात्रा मात्र ५ ते १५ मिनिम अशी ठरली. कलकत्त्यात धनुर्वातासाठी एका वेळी दिलेला एक ड्रॅम ह्याच्या चौपट होतो. कागदावर तीव्रता सारखी असली, तरी बाटलीतील औषध सारखे नव्हते. इंग्लंडमधील वैद्यांच्या तक्रारी ह्याच मुद्द्याभोवती फिरतात. एका दुकानातील टिंक्चरचे तीस थेंब वाया जात, तर दुसऱ्या दुकानातील दहा थेंबांनी रुग्ण बरळू लागे.

ह्याची कारणे आज सांगता येतात. कच्च्या वनस्पतीतील मुख्य द्रव्य आम्लरूपात असते व तेव्हा ते मादक नसते. तापविल्यावर त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि क्रियाशील रूप उरते. त्यामुळे अर्क किती वेळ व किती उष्णतेवर आटविला, ह्यावर त्याचे बळ अवलंबून असे. दुसरे, हे क्रियाशील द्रव्य हवा व उजेड ह्यांमुळे हळूहळू विघटित होते. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा, मुंबई इलाख्यातील अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) अशा वेगवेगळ्या भागांत गांजा पिकत असे, आणि त्यांतील राळेचे प्रमाण सारखे नसे. इलाख्यातील माल गोदामांत पडून, मग समुद्रमार्गाने महिनोन् महिने प्रवास करून लंडनच्या बाजारात ‘ग्वाझा’ ह्या नावाने पोहोचे. त्यापासून केलेल्या टिंक्चरचे बळ कोणी काय सांगावे ! तिसरे कारण शरीरातील आहे. पोटात घेतलेले औषध शोषले जाण्यास अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, आणि यकृतात त्याचे रूपांतर होऊन अधिक प्रभावी द्रव्य बनते. पहिल्या मात्रेने काही होत नाही असे वाटून दुसरी द्यावी, आणि दोन्हींचा परिणाम एकदम दिसावा, असे प्रकार त्यामुळे घडत. टिंक्चर पाण्यात घातल्यास राळ तळाशी बसते. बाटली न हालविता देणाऱ्या परिचारिकेच्या हातून शेवटच्या मात्रेत सर्व राळ रुग्णाच्या पोटात जाण्याचा संभव असे. म्हणून औषधविक्रेते मिश्रणात गोंदाचे पाणी घालीत.

टिंक्चरच्या उपयोगाचा सर्वांत समतोल आढावा जॉन रसेल रेनल्ड्स ह्यांनी तीस वर्षांच्या अनुभवानंतर १८९० मध्ये लॅन्सेट ह्या नियतकालिकात घेतला. तंत्रिकाशूल, अर्धशिशी व वृद्धांचा निद्रानाश ह्यांत त्यांना हे औषध उत्तम वाटले. खऱ्या जुनाट अपस्मारात त्यांना ते निरुपयोगी आढळले. अर्क सदैव एकाच विश्वसनीय ठिकाणाहून घ्यावा, लहानात लहान मात्रेपासून सुरुवात करावी, दोन मात्रांत बरेच तास जाऊ द्यावेत आणि काही दिवसांनी थेंबाथेंबाने वाढवीत जावे, असा त्यांचा सल्ला होता. थेंब पाण्याऐवजी साखरेवर किंवा पावाच्या तुकड्यावर टाकून द्यावेत, असेही ते सांगत. हे रेनल्ड्स राजघराण्याच्या सेवकवर्गाचे वैद्य होते. एवढ्या धाग्यावरून व्हिक्टोरिया राणीला हे टिंक्चर दिले जाई अशी एक दंतकथा पसरली आहे. तिला कागदोपत्री आधार नाही.

रेनल्ड्स ह्यांची शिस्त साऱ्यांना पाळता येणे शक्य नव्हते. दरम्यान त्वचेखाली टोचता येणारे मॉर्फीन, १८६९ पासून क्लोरल हायड्रेट, १८९९ मध्ये ॲस्पिरीन आणि १९०३ मध्ये पहिले बार्बिट्युरेट अशी ठराविक वजनात मोजता येणारी औषधे आली. गांजाची राळ पाण्यात विरघळत नसल्याने ती सुईने देता येईना. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभी टिंक्चरचे बळ कुत्र्यावर तपासण्याची पद्धत काढण्यात आली : कुत्र्याचा तोल जातो की नाही हे पाहून औषध पास किंवा नापास ठरवीत. ओशॉनेसीच्या निबंधानंतर साठसत्तर वर्षांनीही मोजमापाचे साधन कुत्र्याचे डुलणे हेच असावे, ह्यावरून रसायनशास्त्र ह्या बाबतीत किती मागे होते हे दिसते.

आयोग व कायदा : हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने (१८९३–९४) मॅकवर्थ यंग ह्यांच्या अध्यक्षतेखाली देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. गांजामुळे वेड लागते ह्या समजुतीस पुरावा म्हणून दाखविल्या जाणाऱ्या वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी आयोगाने एकेक करून तपासल्या, तेव्हा त्या विश्वसनीय नसल्याचे आढळले. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि संपूर्ण बंदी अनावश्यक आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. वैद्य, हकीम व डॉक्टर ह्यांच्या साक्षींमुळे हा अहवाल देशी औषधोपयोगाचाही मोठा संग्रह झाला आहे. आयोगातील रसायनज्ञ सदस्य वॉर्डन हे मुंबईचे विल्यम डायमॉक व डेव्हिड हूपर ह्यांच्यासह फार्माकोग्राफिआ इंडिका ह्या ग्रंथाचे एक कर्ते होत.

जागतिक धोरण मात्र दुसऱ्या दिशेने गेले. १९२५ च्या जिनीव्हा करारात गांजाचा अर्क व टिंक्चर ह्यांवर नियंत्रण आले. हिंदुस्थानात १९३० चा घातक औषधी द्रव्ये अधिनियम आणि अमेरिकेत १९३७ चा करविषयक कायदा आला. ब्रिटिश औषधिकोशातून १९३२ मध्ये आणि अमेरिकी औषधिकोशातून १९४२ मध्ये हे औषध वगळण्यात आले. कायद्याने ह्या औषधाचा बळी घेतला, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अर्धसत्य आहे. अफू व मॉर्फीन ह्यांवरील निर्बंध गांजाइतकेच कडक होते, तरी ती टिकली, कारण त्यांची मात्रा ठरविता येत होती. ज्या औषधाच्या बाजूने उभे राहण्यास वैद्यच राजी नव्हते, ते कायद्याच्या पहिल्या धक्क्याने पडले, हे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल. ब्रिटनमध्ये टिंक्चर लिहून देण्याची वैद्यांची मुभा १९७३ पर्यंत कायम होती. तिचा उपयोग करणारे थोडेच उरले होते.

रासायनिक उलगडा : केंब्रिज येथे १८९६ मध्ये कॅनॅबिनॉल हे द्रव्य वेगळे करण्यात आले व तेच क्रियाशील असावे असे मानले गेले. वस्तुतः ते जुन्या राळेत मूळ द्रव्य विघटित होऊन बनते. १९४० च्या सुमारास अमेरिकेत रॉजर ॲडम्स व इंग्लंडात अलेक्झांडर टॉड ह्यांनी ह्या गटातील संयुगांवर काम केले आणि कॅनॅबिडायॉल प्रकाशात आले. मुख्य मादक घटक डेल्टा-९-टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल शुद्ध स्वरूपात मिळवून त्याची संरचना निश्चित करण्याचे श्रेय इझ्राएलमधील राफाएल मेकुलम व येहिएल गाओनी ह्यांना १९६४ मध्ये मिळाले. पुढे १९८८ मध्ये मेंदूतील ह्या द्रव्याचे ग्राही सापडले, आणि १९९२ मध्ये शरीरात स्वाभाविकपणे तयार होणारे, त्या ग्राहींवर कार्य करणारे एक द्रव्य सापडले. त्याला शोधकांनी ‘आनंद’ ह्या संस्कृत शब्दावरून आनंदमाइड असे नाव दिले.

घटक मोजता येऊ लागल्यावर टिंक्चरसारखी औषधे पुन्हा आली. सॅटिव्हेक्स हा जिभेखाली किंवा गालाच्या आत मारावयाचा फवारा गांजाच्या अर्काचे अल्कोहॉलयुक्त द्रावणच आहे; त्याच्या प्रत्येक फवाऱ्यात २·७ मिग्रॅ. टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल व २·५ मिग्रॅ. कॅनॅबिडायॉल असते. कॅनडाने २००५ मध्ये आणि ब्रिटनने २०१० मध्ये त्याला मान्यता दिली. मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंच्या ताठरतेवर तो देतात. तिळाच्या तेलात केलेले एपिडिओलेक्स हे कॅनॅबिडायॉलचे द्रावण (दर मिलि.मध्ये १०० मिग्रॅ.) अमेरिकेत २०१८ मध्ये बालवयातील दोन दुर्धर अपस्मारांसाठी मंजूर झाले. कलकत्त्याच्या त्या बालिकेस दिलेल्या टिंक्चरमध्ये कॅनॅबिडायॉल किती होते, हे आज सांगता येणार नाही. तथापि तान्ह्या मुलाने सोसलेल्या मोठ्या मात्रेमुळे पडलेले कोडे आता पूर्वीइतके अगम्य राहिलेले नाही.

परवानाप्राप्त औषधांबाहेर मात्र जुनी अनिश्चितता कायम आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ऑनलाइन विकत घेतलेल्या कॅनॅबिडायॉलच्या ८४ उत्पादनांपैकी केवळ २६ उत्पादनांतील प्रमाण वेष्टनावरील आकड्याशी जुळले. भारतात १९८५ च्या अंमली औषधी द्रव्यविषयक अधिनियमात चरस, गांजा व त्यांची मिश्रणे येतात; शेंड्यांविरहित पाने ह्या व्याख्येबाहेर असल्याने भांगेचे नियमन राज्ये करतात. त्यामुळे पानांपासून केलेली आयुर्वेदीय औषधे व फुलोऱ्याच्या अर्काचे टिंक्चर ह्यांना कायद्याने वेगवेगळे मापदंड लागू होतात, जरी दोन्हींतील द्रव्ये रासायनिक दृष्ट्या एकच असली, तरी. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील पहिल्या अनुसूचीतून ‘अर्क व टिंक्चर’ ही नोंद काढून टाकावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञ समितीने २०१९ मध्ये केली होती. डिसेंबर २०२० मध्ये व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक अशा चौथ्या अनुसूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले. अर्क व टिंक्चर ह्यांविषयीची शिफारस मात्र फेटाळली, आणि ती नोंद पहिल्या अनुसूचीत तशीच राहिली.